चलनी नाणे आणि चालणारे नाणे

राजा मरतो तो दिवस बखरीत नोंदला जातो. राज्य बुडते ती तारीख आपण अध्यापक विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. परंतु नाणे नेमके केव्हा मरते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वस्तुतः सामान्य माणसाच्या हातातून इतिहास जातो तो नाण्याच्याच रूपाने. इंग्लंडातील जुन्या नाण्यांपैकी कोणती अद्याप खर्चता येतात, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर राज्यसत्ता, धातू आणि लोकविश्वास यांच्या परस्परसंबंधावर बराच प्रकाश पडतो.

इंग्रजांची जुनी गणना आपल्या आणे-पैच्या गणनेहून कमी किचकट नव्हती. एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगाचे बारा पेन्स. म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी स्वीकारली आणि 'नवा पैसा' हा शब्द घरोघर गेला. इंग्लंडने हे पाऊल उचलले १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी. राज्यकर्ते आधी शिकतात आणि प्रजा मागून, हा समज निदान या बाबतीत तरी खरा नाही.

जुन्या नाण्यांना एकाच वेळी निरोप मिळाला नाही. फार्दिंग १९६० अखेर, अर्धा पेनी ऑगस्ट १९६९ मध्ये, तर हाफ-क्राऊन त्याच वर्षाच्या शेवटी बाद झाला. जुना पेनी आणि तीन पेन्सचे नाणे ३१ ऑगस्ट १९७१ पर्यंत चालले. परंतु शिलिंग म्हणजे बरोबर पाच नवे पेन्स आणि दोन शिलिंगांचा फ्लोरिन म्हणजे बरोबर दहा. म्हणून नवी नाणी जुन्यांच्याच आकाराची व वजनाची पाडण्यात आली, आणि दोन्ही एकाच गल्ल्यात सुखाने नांदू लागली. सहा पेन्सचे नाणे तर अडीच नव्या पेन्सच्या भावाने ३० जून १९८० पर्यंत टिकले. ते राहावे म्हणून लोकांनी चळवळही केली होती.

फ्लोरिनची कथा विशेष उद्बोधक आहे. हे नाणे १८४९ मध्ये निघाले ते पौंडाचा दहावा भाग म्हणून. दशमानाकडे टाकलेले ते पहिले पाऊल होते. त्या पहिल्या नाण्यावर 'ईश्वरकृपेने' या अर्थाची रूढ अक्षरे नव्हती, म्हणून लोकांनी त्याला निरीश्वर फ्लोरिन म्हणून हिणवले. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत दशमान प्रत्यक्ष आले, आणि त्यानंतरही बावीस वर्षे फ्लोरिनने दहा पेन्स म्हणून चाकरी केली. पाच व दहा पेन्सची नाणी आकाराने लहान करण्याचे ठरले, तेव्हा शिलिंगाला ३१ डिसेंबर १९९० रोजी आणि फ्लोरिनला ३० जून १९९३ रोजी रजा मिळाली. या नाण्यांचे मूल्य खोटे ठरले नव्हते. त्यांचे आकारमान तेवढे गैरसोयीचे ठरले होते.

मग कायद्याच्या दृष्टीने आज काय जिवंत आहे? १८१६ च्या नाणेसुधारणेनंतर पाडलेले क्राऊन, म्हणजे पाच शिलिंगांचे नाणे, आजही पंचवीस पेन्सला चालू शकते. १८८७ ते १८९० एवढीच वर्षे पाडलेला दुहेरी फ्लोरिन कधी परत मागविलाच गेला नाही; त्याचे मूल्य वीस पेन्स. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी राजा वृद्धांना दान देतो ती एक ते चार पेन्सची मॉन्डी नाणी चांदीची असतात, आणि तीही कायदेशीर आहेत. १८३८ पासूनचे सॉव्हरीन हे सोन्याचे नाणे एक पौंडाला, तर अर्धा सॉव्हरीन पन्नास पेन्सला मान्य आहे.

येथेच खरी मौज आहे. सॉव्हरीनमध्ये सुमारे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. ते एका पौंडाला देणारा मनुष्य उदार नव्हे, वेडा ठरेल. १९२० पूर्वीच्या क्राऊनमध्ये साडेब्याण्णव टक्के चांदी आहे; तो पंचवीस पेन्सला कोण देईल? १९२० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ पासून ती नाहीशीच झाली. हलके नाणे भारी नाण्याला बाजारातून हुसकते, हा ग्रेशमच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम येथे मूर्तिमंत दिसतो. जी नाणी खर्चण्यास लोक राजी होते ती कायद्याने बंद केली. जी कायद्याने चालू ठेवली ती खर्चण्यास कोणी राजी नाही.

शिवाय कायदेशीर चलन या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्याहून संकुचित आहे. असे नाणे देऊन ऋणको न्यायालयात आपले देणे फेडू शकतो, एवढाच त्याचा आशय. दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असे इंग्लंडचा कायदा सांगत नाही. म्हणजे नाण्याला कायद्याची मान्यता असूनही व्यवहाराची नसेल, तर ते चलनी राहते, पण चालत नाही.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईत येऊन पोहोचतो. सॉव्हरीन, ज्याला आपले सराफ गिनी म्हणत आले, ते १८९९ मध्ये पंधरा रुपयांच्या भावाने हिंदुस्थानातही कायदेशीर झाले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, लंडनच्या राजटांकसाळीची एक शाखा मुंबईस उघडली आणि तेथे सुमारे तेरा लाख सॉव्हरीन पाडले गेले. संत जॉर्जच्या घोड्याखाली असलेले इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर एवढीच त्यांची खूण. शाखा लवकरच बंद झाली. नाणी मात्र राहिली.

आता मुख्य प्रश्न नीतीचा आहे. बँक ऑफ इंग्लंड आपली जुनी नोट कितीही वर्षांनी बदलून देते, कारण तीवर देण्याचे वचन छापलेले असते. नाण्यावर असे वचन नाही. १५ ऑक्टोबर २०१७ रोजी गोल पौंड बाद झाला, तेव्हा अनेक महिने आधी सूचना दिली होती, हे खरे. परंतु सूचना वाचणारा आणि मडक्यात नाणी साठविणारा मनुष्य पुष्कळदा एकच नसतो. हैदराबादचा हाली शिक्का किंवा गोव्यातील एस्कुदो ज्या घरांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. राज्य बदलते, शिक्का बदलतो. गाठोड्यातले जुने नाणे मागे राहते ते बहुधा गरिबाच्या घरी. मुदत किती द्यावी आणि बदलून देण्याची सोय कोठवर न्यावी, यावर राज्याच्या सचोटीची परीक्षा होते.

भाषेचा कारभार मात्र अधिक उदार आहे. आपल्याकडे पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून गेले, आणा तर त्याच्याही कितीतरी आधी. तरी 'सोळा आणे खरे' हा शब्दप्रयोग आजही कोठेही वटतो, आणि सचोटीच्या माणसाला आपण बंदा रुपयाच म्हणतो. वर्गात नाण्यांचा धडा शिकविताना एखादी जुनी पावली किंवा चवली विद्यार्थ्यांच्या हातावर अवश्य ठेवावी, आणि ती कोणाच्या शब्दावर चालत होती, हे त्यांनाच विचारावे.