नांगराची निशाणी

1875 सालच्या मे महिन्याची 12 तारीख. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव. त्या दिवशी भरल्या बाजारात आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि तिथले रोखे व वह्या बाहेर ओढून त्यांनी जाळून टाकल्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत अनेक गावी हाच प्रकार झाला. शाळेच्या पुस्तकात यालाच 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या दंग्यांत एक गोष्ट मोठी लक्षात घेण्याजोगी होती. ज्या सावकाराने आपले कागद मुकाट्याने हवाली केले, त्याच्या अंगाला लोकांनी बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. राग होता तो कागदावर.

आता ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्याने कागदावर एवढे का चिडावे? याचे उत्तर शोधायला आपल्याला कुणब्याच्या घरात, त्याच्या हिशेबात डोकवावे लागेल.

पेशवाईत सारा बहुतांशी गावामार्फत भरला जाई. पाटील-कुलकर्णी मधे असत, साल वाईट गेले तर सूट मागता येई. मिळेच असे नाही, पण मागायला तोंड होते. 1818 साली कंपनी सरकार आले आणि प्रत्येक खातेदाराशी सरकारचा थेट संबंध जडला. प्रिंगल नावाच्या साहेबाने पहिली मोजणी केली ती 1828 च्या सुमारास. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्यावर सारा बसवायचा, अशी त्याची कल्पना. कागदावर ती सुरेख होती! इंदापूर तालुक्यात दर इतके चढे बसले की लोक शेते टाकून गेले. मग 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विनगेट या दोघांनी तिथलेच काम नव्याने केले. मातीचा रंग पाहिला, खोली पाहिली, जमिनीच्या प्रती लावल्या, दर उतरवले आणि सांगितले, हा सारा तीस वर्षे वाढणार नाही. तुम्ही विहीर खणली तरी त्यापायी वाढणार नाही. आणि शेत झेपेना तर राजीनामा देऊन सोडून द्या.

व्यवस्था खरोखर बरी होती, हे मान्य केले पाहिजे. पडीक रान पुन्हा नांगराखाली आले. पण तिच्यातूनच दुसरे काहीतरी उगवले. सारा हलका आणि ठरलेला झाला, म्हणून जमिनीला किंमत आली. किंमत आली म्हणून ती तारणाला चालू लागली. आणि सावकाराला, जो आजवर पिकाकडे आणि माणसाच्या शब्दाकडे पाहून पैसे देत होता, त्याला आता शेत दिसू लागले. खुद्द विनगेटनेच 1852 साली सरकारला लिहून सावकारीच्या या वाढत्या जोराबद्दल इशारा दिला होता.

साऱ्याचा हप्ता रोख रुपयांत भरायचा. हप्त्याची तारीख ठरलेली; पाऊस कुठे ठरलेला असतो? धान्य खळ्यावर असताना, भाव पडलेला असताना रुपये आणायचे कुठून? गावच्या वाण्याकडून, सावकाराकडून. तो आधी मनोती कापून घेणार, उरलेले रुपये हातावर ठेवणार आणि पुऱ्या रकमेचा रोखा लिहून घेणार. खाली कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी.

इथवरचे दुखणे जुनेच होते. नवे दुखणे आले ते 1859 च्या मुदतीच्या कायद्याने. ऋणकोला जुन्या, विसरलेल्या दाव्यांचा त्रास होऊ नये, हा हेतू. साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बुडाला. ऐकायला किती दयाळू! पण सावकार तीन वर्षे भरायच्या आत दारात उभा राहू लागला: 'रोखा बदलून दे, नाहीतर फिर्याद करतो.' नवा रोखा लिहिताना जुने मुद्दल अधिक तीन वर्षांचे व्याज हे सगळे मिळून नवे मुद्दल होई.

शिक्षकमित्रांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. 100 रुपये कर्ज, दरमहा दरशेकडा 2 रुपये व्याज. परतफेड काहीच नाही, नवी उचलही नाही. तीन वर्षांनी रोखा होतो 172 चा. आणखी तीन वर्षांनी सुमारे 296 चा. नऊ वर्षे भरतात तेव्हा सुमारे 509 रुपये. आता आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येऊ नये, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण तीन वर्षांत व्याज मुद्दलाइतके होतच नव्हते, आणि रोखा बदलला की कालचे व्याज आजचे मुद्दल होऊन बसे. दामदुपट पोथीत तशीच राहिली आणि नव्या कायद्याने तिला बाजूने वळसा घातला. दोन्ही नियम ऋणकोच्या भल्याचे, आणि एकाने दुसरा निकामी केला!

घरातल्या माणसाच्या मरणाचेही असेच. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, ही आपल्याकडची पक्की समजूत. 1866 साली मुंबई सरकारने कायदा करून ठरवले की बापाच्या मिळकतीतून जे हाती आले असेल तेवढ्यापुरतीच मुलाची जबाबदारी. इतकेच काय, विधवेशी पाट लावणाऱ्याच्या गळ्यात तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्ज पडणार नाही, असेही त्यात होते. पण सुतकातल्या पोराला हे सांगणार कोण? त्याने स्वतःच्या नावाने नवा रोखा करून दिला आणि खाली नांगर काढला, की कर्ज त्याचे झाले. मग तो कायदा त्याच्या उपयोगाचा राहिला नाही.

आणि लग्ने? कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो, असे शहरातला शहाणा माणूस तेव्हाही म्हणे, आजही म्हणतो. दंग्यांची चौकशी करायला नेमलेल्या मंडळाने वह्या तपासल्या आणि स्पष्ट सांगितले की या कारणाचा उगाच फार बोभाटा झाला आहे. लग्नाचा खर्च खात्यावर दिसतो खरा, पण कर्जाचे मूळ तिथे क्वचितच असते. साऱ्यासाठी, बैलासाठी, बियाण्यासाठी, पोटासाठी केलेल्या लहान लहान उचली आणि त्यांवर चढत गेलेले व्याज, असे ते खाते होते. मला स्वतःला त्या अहवालातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यात 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस बंद झाला, इकडचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्याचे शिंतोडे देशावरही उडाले. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. 1865 नंतर भाव कोसळू लागले. नेमक्या याच सुमारास विनगेटची तीस वर्षे संपली! 1867 पासून फेरआकारणी सुरू झाली, तेजीतले भाव जमेस धरून. इंदापुरात एकंदर वाढ निम्म्याच्या आसपास होती; काही खात्यांवर त्याहून कितीतरी अधिक. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. 1874 साली सरकारने वाढीला मर्यादा घातली खरी, पण तोवर सावकाराने हात आखडता घेतला होता. पूर्वी हप्त्याला तोच पैसे देई. आता तो जुने वसूल करायला कोर्टात गेला. कुणबी कोर्टात जाईना, आणि हुकूमनामे एकतर्फी होऊ लागले. सुप्याच्या बाजारात जे जळले, ते या सगळ्यातून साठलेले कागद.

1879 साली दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब उकलण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढे लिहायचा, पैसे दिले की पावती घ्यायची, मागितला तर सावकाराने हिशेब द्यायचा. नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यापायी कुणब्याला तुरुंगात घालणे बंद झाले. गहाण लिहून दिलेले नसेल तर शेतही विकता येईना.

सावकारही काही झोपलेला नव्हता. रोखा उकलता येतो ना? मग रोखा नकोच, खरेदीखतच कर! कागदावर शेत विकले. तोंडी बोली अशी की पैसे फेडलेस की शेत परत. कुणबी त्याच शेतात नांगर धरी, पण आता खंड भरून. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन अशा खरेदीखताच्या आड खरे गहाण आहे काय, हे तोंडी पुराव्यावरून पाहायला कोर्टाला मुभा मिळाली. तेव्हा खटला उभा राहिला म्हणजे साक्षीला गावचा पाटील, बांधाशेजारचा कुणबी, बोली झाली त्या दिवशी ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा यांना शोधत फिरावे लागे. आणि त्यांतले निम्मे त्याच सावकाराच्या वहीत असत.