मोटारीतला रेडिओ : ‘मूळ’ म्हणजे नेमके काय? (थ्रेड)

१/१२
जुन्या मोटारींच्या चाहत्यांत एक वाद हमखास रंगतो. गाडी १९५० च्या दशकातली, रंग मूळचा, चाके मूळची. डॅशबोर्डवर मात्र ब्लूटूथचा रेडिओ. एक पक्ष म्हणतो, हा इतिहासाचा विध्वंस आहे. दुसरा विचारतो, गाडी चालवायची तर गाणी ऐकू नयेत काय? निवाडा करण्यापूर्वी मोटार-रेडिओचाच इतिहास पाहू.

२/१२
आरंभ शिकागोत होतो. पॉल गॅल्व्हिन यांनी १९२८ मध्ये तेथे एक छोटी कंपनी काढली. महामंदीत तग धरण्यासाठी त्यांना नवे उत्पादन हवे होते. जून १९३० मध्ये स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून ते अटलांटिक सिटीतील रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेले. या रेडिओचे नाव ‘मोटोरोला’. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले.

३/१२
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा रेडिओ गाडीच्या कारखान्यातून आलेला नव्हता. तो तयार गाडीत मागाहून बसवायचा होता. ग्राहक संच एका जागी, ध्वनिवर्धक दुसरीकडे, बॅटऱ्या पायाखालच्या फळ्यांखाली आणि स्पार्क प्लगमुळे होणारी खरखर दाबण्याची खटपट वेगळीच. म्हणजे मोटार-रेडिओ जन्मला तोच ‘बदल’ म्हणून.

४/१२
खरी अडचण विजेची होती. त्या काळच्या व्हॉल्व्हना काम करण्यासाठी शंभराहून अधिक व्होल्ट लागत, आणि गाडीची बॅटरी असे अवघ्या ६ व्होल्टची. यावर उपाय निघाला व्हायब्रेटरचा. एक कंप पावणारी धातूची पट्टी प्रवाह क्षणाक्षणाला तोडी-जोडी. असा तुटक प्रवाह रोहित्रातून नेऊन त्याचा दाब वाढवता येई. जुन्या रेडिओतून येणारी ती बारीक गुणगुण याच पट्टीची.

५/१२
पुढची प्रगती वेगाने झाली. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टने मोटारीसाठी रेडिओ आणला. १९५२ मध्ये त्याच कंपनीने मोटारीत एफएम आणले. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. किंमत १५० डॉलर. व्हॉल्व्ह गेले, त्यांच्याबरोबर व्हायब्रेटरही गेला.

६/१२
विरोधही झालाच. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारीतील रेडिओवर बंदी घालण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. चालकाचे लक्ष विचलित होईल, हा आक्षेप. चालकापुढच्या पडद्यांविषयी आज आपण जे बोलतो, तेच शब्द तेव्हा रेडिओसाठी वापरले जात होते.

७/१२
आता आजच्या अडचणीकडे येऊ. जुन्या गाडीत नवा रेडिओ नुसता अडकवून चालत नाही. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा संच चालणार नाही. शिवाय १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आधुनिक रेडिओचे धातूचे कवच ऋण टोकाशी जोडलेले असते. असा संच त्या गाडीच्या धातूला टेकला, की थेट शॉर्टसर्किट!

८/१२
मात्र सर्वांत मोठी हानी तारांनी केली नाही, ती करवतीने केली. जुन्या रेडिओंना दोन बाजूंना दोन खुंट्या आणि मध्ये तबकडी असे. जागा प्रत्येक गाडीत निराळी. पुढे १८० × ५० मिलिमीटरचे जर्मन ‘डिन’ माप रूढ झाले. कॅसेटचा संच त्या मापाचा, म्हणून कित्येक डॅशबोर्ड कापले गेले. काढलेला रेडिओ परत बसवता येतो. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही.

९/१२
आपल्याकडे या वस्तूला आणखी एक पदर आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, आणि मोटारीतला रेडिओही रेडिओच होता. परवान्याची ती पुस्तिका, तिच्यावरचे डाकघराचे शिक्के, १९८० च्या दशकात इतिहासजमा झाले. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटमध्ये मागाहून बसवलेला रेडिओ आणि त्याची पुस्तिका एकत्र सापडली, तर ती मध्यमवर्गाच्या इतिहासाची अस्सल साधने होत.

१०/१२
‘काहीही बदलू नका’ हा आग्रहही पुरा पडत नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करून डिजिटल रेडिओ स्वीकारला. तेथील जुन्या गाड्यांतले रेडिओ बिघडले नव्हते. त्यांना ऐकू येण्याजोगे फारसे काही उरले नाही. वस्तू जपली, तरी तिचे भोवतालचे जग जपता येतेच असे नाही.

११/१२
मग निकष कोणता? वास्तूंच्या जतनासाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले, की नवा भाग मूळ भागाहून ओळखू यावा, अन्यथा पुरावाच खोटा ठरतो. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्युरिन सनदही त्याच वाटेने जाते : बदल शक्यतो परतवता येण्याजोगे असावेत, आणि वाहनाच्या आयुष्यात उमटलेल्या खुणांचाही मान राखावा.

१२/१२
तेव्हा प्रश्न ‘मूळ की नवे’ असा नाहीच. जे आरंभापासून मागाहून बसवले जात आले, त्याचा एकच मूळ क्षण कुठून दाखवणार? प्रश्न असा, की केलेला बदल उद्या कुणाला उलगडता येईल काय? जुना रेडिओ जागीच ठेवून नवा संच ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा आसनाखाली लपवता येतो. तेथे पुरावाही राहतो आणि गाणेही.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीतला रेडिओ काढणार असाल, तर डॅशबोर्ड कापू नका, आणि काढलेला संच भंगारात देऊ नका. एका डब्यात घालून, वर गाडीचे नाव व साल लिहून ठेवा. पुढच्या अभ्यासकाला तेवढे पुरेल.