मेलेल्या जंतूंचा वारसा

आजची गोष्ट १९२८ सालची, लंडनमधली. फ्रेडरिक ग्रिफिथ नावाचे डॉक्टर न्यूमोनियाच्या जंतूंवर प्रयोग करत होते. त्यांनी उष्णता देऊन मारलेले घातक जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू असे एकत्र उंदरांना टोचले. उंदीर मेले! रक्तात सापडले चक्क जिवंत घातक जंतू. म्हणजे जिवंतांनी मेलेल्यांकडून काहीतरी उचललं होतं.

काय उचललं? ते १९४४ मध्ये न्यूयॉर्कला ॲव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिलं. डीएनए! ग्रिफिथना मात्र हे कळलंच नाही. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ते गेले.

आता खरी गंमत ऐका. हा जंतू बाहेरचा डीएनए कायम घेत नाही, त्याचं दार थोडाच वेळ उघडतं. मग कधी? २००६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की काही अँटिबायोटिक्सचा ताण आला की तो दार उघडतो. संकटात डीएनए दुरुस्त करणारी ‘एसओएस’ यंत्रणा पुष्कळ जंतूंकडे असते, याच्याकडे ती नाही. म्हणून हा बाहेरून माल आणतो, असं त्यांचं म्हणणं.

आता शेजारी मेलेल्या जंतूकडे औषधाला दाद न देणारा जीन असला तर? तोही आत येऊ शकतो. म्हणजे ज्या औषधाने जंतू मारायचे, तेच कधी कधी त्यांना नवा जीन घ्यायला भाग पाडतं. म्हणून सर्दी झाली की स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, मंडळी. डॉक्टरांना विचारा.