बारालाचाची जुनी वाट

मनाली–लेह रस्त्यावर बुलेटस्वार दिसू लागले ते अलीकडे. त्याआधी कित्येक पिढ्या लाहौलचे व्यापारी ४,८०० मीटरहून उंच बारालाचा खिंडीतून लडाखकडे जात. मीठ आणि धान्य वाहायला खेचरं असत, मेंढ्याही असत; प्रत्येक मेंढीच्या पाठीवर दोन छोट्या पिशव्या. याच वाटेने नवऱ्याच्या बुलेटवर मागे बसून, पुढेमागे मित्रमंडळींच्या गाड्या असताना, मला सारख्या त्या मेंढ्याच आठवत होत्या. आम्ही पेट्रोलच्या घोरात होतो. तांडीचा पंप सुटला की पुढे शेकडो किलोमीटर दुसरा पंप नाही. त्या व्यापाऱ्यांचं इंधन वाटेवरच उगवायचं! गवत संपलं तर मात्र तांडा अडायचा.

रस्ता आला तो लष्करासाठी. १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली, १९६२च्या युद्धाने निकड वाढवली. लडाख पर्यटकांना खुलं झालं १९७४ मध्ये. या रस्त्यावर नागरी वाहनांना वाट मिळाली ती १९८९ मध्ये. प्रवासवर्णनांत खिंडींची उंची हमखास असते, रस्ता बांधणारे नसतात. हे मला खटकतं. झारखंडातल्या दुमका भागातून आलेले मजूर दर उन्हाळ्यात इथे दगड फोडतात, दरडी उपसतात.

२०२० पासून ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची खिंड टाळता येते. आम्ही मुद्दाम परवाना काढून वरूनच गेलो.