मंजुश्रीची पत्रे : खून, आत्महत्या आणि त्यांमधील रिकामी जागा

११ फेब्रुवारी १९८२ रोजी बीडच्या मंजुश्रीचा विवाह झाला आणि ती पुण्यास सासरी आली. ११ जूनच्या रात्री तिचा मृत्यू झाला. कारण पोटॅशियम सायनाइड. ते तिने घेतले की तिला देण्यात आले, या एका प्रश्नावर पुढील दोन वर्षे तीन न्यायालयांत खल झाला.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले.

विष देताना पाहणारा कोणीच नव्हता. मागे राहिली होती मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. पत्र लिहिणारीची उलटतपासणी घेता येत नाही. म्हणून असा मजकूर एरवी ऐकीव ठरतो. परंतु १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम ३२ने मृत व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणासंबंधीच्या कथनाला वाट करून दिली होती. इंग्लंडच्या कायद्यात असे कथन मृत्यू समोर दिसत असतानाच केलेले असावे लागे. भारतीय कायद्याने ती अट घातली नाही. न्या. फझल अली यांनी पत्रे ग्राह्य धरली. न्या. वरदराजन यांना ते मान्य नव्हते.

आणि येथेच या खटल्यातील विलक्षण वळण आहे. सासरचे दुःख सांगणारी म्हणून जी पत्रे सरकार पक्षाने पुढे केली, त्यांतच न्यायालयाला एक हळवी, खचलेली तरुणी दिसली. अशी व्यक्ती स्वतःच विष घेण्याची शक्यता नाकारता येईना, आणि शक्यता उरली की खुनाची साखळी तुटते. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या याच निकालात एकत्र मांडल्या गेल्या. त्यांना निकालातच ‘पंचशील’ म्हटले आहे. ‘केला असावा’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतील अंतर त्यांच्या मुळाशी आहे.

फाशीच्या खटल्यात ही कसोटी कठोर असणे योग्यच. पण मग आत्महत्येकडे नेणाऱ्या दुःखाचे काय? आत्महत्येस प्रवृत्त करणे हा गुन्हा १८६०च्या दंडसंहितेत होता (कलम ३०६), मात्र त्यासाठी चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य सिद्ध करावे लागे. घराच्या चार भिंतींआड हे दाखवणार कोण? आणि सासरचा जाच हा १९८२ साली स्वतंत्र गुन्हा नव्हताच.

पुण्यात या मृत्यूने मोठी खळबळ उडाली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात फिरविले. देशभर हुंडाबळींविरुद्ध आंदोलने चालू होतीच. २५ डिसेंबर १९८३ पासून नवी तरतूद लागू झाली : दंडसंहितेत कलम ४९८-अ, पुरावा कायद्यात ११३-अ. मंजुश्रीच्या खटल्याला त्यांचा उपयोग नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद २०नुसार कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर शिक्षा देता येत नाही.

११३-अबद्दल एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे : लग्नापासून सात वर्षांच्या आत आत्महत्या म्हणजे सासरचे दोषी. कायदा तसे म्हणत नाही. आत्महत्या, सात वर्षांची मुदत आणि क्रूर वागणूक हे तिन्ही आधी सिद्ध व्हावे लागते. त्यानंतरही न्यायालय इतर परिस्थिती पाहून तसे गृहीत धरू ‘शकते’, धरलेच पाहिजे असे नाही. १९८६च्या हुंडाबळीच्या तरतुदीत गृहीत धरणे बंधनकारक झाले, ती गोष्ट वेगळी.

क्रूरता आणि अपप्रेरणा यांची फारकत २००१च्या रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात स्वच्छ दिसते. रागाच्या भरात, परिणामाचा हेतू नसताना उच्चारलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पतीची ३०६खालील शिक्षा रद्द झाली. ४९८-अखालील कायम राहिली.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले. ३०६ आता भारतीय न्याय संहितेतील १०८ आहे, ४९८-अचा आशय ८५ आणि ८६ मध्ये आहे. आणि मृतांच्या पत्रांना न्यायालयाचे दार उघडणारे कलम ३२ साक्ष अधिनियमात २६ झाले आहे.