सोवळी माशी

परवा विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा एकदा आयझॅक वॉल्टनच्या थडग्यापाशी जाऊन आलो. १६८३ साली गेलेला हा गृहस्थ गळाने मासे धरण्यावरच्या एका पुस्तकामुळे अजून लोकांच्या लक्षात आहे. तिथून थोडं चाललं की इचेन नदी. तळाचे दगड मोजता येतील इतकं नितळ पाणी, आणि प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगणारे ट्राउट. मी मालवणकडचा. मासा दिसला की मला आधी तिरफळं आठवतात. पण या नदीवरचं एक जुनं भांडण वाचल्यापासून आठवतं ते आजीचं सोवळं!

माझे आजोबा कर्लीच्या खाडीवर गरवायला बसायचे. गरीला कोळंबी लावायची आणि वाट बघायची, बस्स. इथे कोळंबीबिळंबी चालत नाही. गळाला पिसं, रेशीम आणि केस गुंडाळून खोटी माशी करायची. कारण ट्राउट पाण्यातले किडे खातो. हे किडे वर्ष-दोन वर्षं पाण्याखाली काढतात, एके दिवशी वर येतात, पंख फुटतात, जेमतेम एक-दोन दिवस उडतात, अंडी घालतात आणि मरतात. मे महिन्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या मेफ्लायला तर धड तोंडही नसतं, खायला वेळच कुठे आहे! प्रत्येक जातीचा महिना ठरलेला. म्हणजे गळ टाकणाऱ्याला पंचांगच हवं. १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात मार्च ते ऑगस्टसाठी बारा माश्या दिल्या आहेत. वॉल्टनच्या पुस्तकाला १६७६ साली चार्ल्स कॉटनने पुरवणी जोडली, तीतही महिनावार यादी आहे.

इथवर सगळं ठीक होतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेडरिक हॅलफर्ड आला. १८८६ आणि १८८९ साली त्याची दोन पुस्तकं निघाली, आणि 'ड्राय फ्लाय'चं शास्त्र पक्कं झालं. मासा वर येऊन किडा टिपताना दिसला पाहिजे. तो कोणता किडा टिपतोय ते ओळखायचं, हुबेहूब तशी माशी घ्यायची, ती माशाच्या पुढ्यात अलगद टाकायची आणि ती तरंगत राहिली पाहिजे. कला म्हणून फार सुंदर, नाकारणार नाही. पण चेल्यांनी तिचा धर्म केला. तरंगली तर सोवळी, बुडाली की ओवळी. आजीच्या स्वयंपाकघरात आमचा पाय पडला की जे व्हायचं, तेच.

जॉर्ज स्क्यूज हा लंडनमधला वकील. १८८३ पासून तो सुट्टी मिळेल तसा विंचेस्टरजवळच्या अ‍ॅबट्स बार्टनला इचेनवर यायचा. १८९२ च्या सप्टेंबरात त्याची एक माशी नीट तरंगेना. भिजून बुडायला लागली आणि ट्राउट नेमके तीच घेऊ लागले! दुसरा कोणी असता तर गुपचूप मासे घेऊन घरी गेला असता. हा विचार करत बसला. धरलेल्या माशांच्या पोटातलं तो लांबट चमच्याने काढून, पाण्यात कालवून बघायचा. आत काय, तर बहुतेक पंख न फुटलेले किडे, म्हणजे 'निम्फ'. मासा जेवतो ते मुख्यतः पाण्याखाली. हे त्याने १९१० च्या पुस्तकात सौम्य भाषेत मांडलं. पुढे तो निम्फसारख्याच माश्या बांधू लागला.

आता नियम आमच्याकडेही आहेत. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पुन्हा समुद्रात जायचं. पण त्यामागे खवळलेला दर्या आहे, माशांची वीण आहे. ट्राउटही थंडीत अंडी घालतो, तेव्हा इथे मासेमारी बंद असते. हे कोणालाही पटेल. पण पृष्ठभागाच्या वर सभ्यता आणि दोन इंच खाली पाप? हॅलफर्डच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की समोर दिसणाऱ्या एकाच माशाच्या मागे लागायचं म्हटलं की हावरटपणाला आपोआप आळा बसतो. पण स्क्यूज तरी कुठे जाळी टाकत होता?

हॅलफर्ड १९१४ साली गेला, पण सोवळं उरलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात चक्क यावर वाद ठेवला गेला: चॉक नद्यांवर निम्फ वापरणं योग्य की अयोग्य? एकोणऐंशी वर्षांच्या स्क्यूजला बऱ्याच अंशी एकट्यानेच आपली बाजू लढवावी लागली. अ‍ॅबट्स बार्टनच्या जोडीदारांनाही त्याची निम्फ खुपत होतीच. त्याच वर्षी त्याने ते पाणी सोडलं. छप्पन्न हंगाम एका नदीवर काढल्यानंतर! पुढच्या वर्षी, ऐंशी उलटल्यावर, निम्फवरचं पुस्तक मात्र छापून मोकळा झाला. १९४९ साली, नव्वदी ओलांडून तो गेला. त्याच्या अस्थींची राख अ‍ॅबट्स बार्टनलाच इचेनच्या काठी विखुरली.

आजही काही पाण्यांवर जूनअखेरपर्यंत फक्त ड्राय फ्लाय आणि जुलैपासून निम्फला परवानगी, असा नियम असतो. सोवळ्यातही चातुर्मास!

असो. कॅथीड्रलमधून निघालो आणि पुलावर बराच वेळ उभा राहिलो. वर एकही किडा नव्हता, पाणी स्थिर. खाली शेवाळाच्या कडेला एक ट्राउट होता. तो जरासा डावीकडे वळला, तोंडाच्या आतला पांढरा रंग क्षणभर चमकला आणि पुन्हा जागेवर आला. मग उजवीकडे. मी मोजलं, दहा मिनिटांत चौदा वेळा. वर मात्र एकदाही आला नाही.