घसा दुरून पाहताना

सर्दी, पडसे, तापाची कणकण, घसादुखी ही दुखणी इतकी घरगुती आहेत की त्यांनाही काही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु याच दुखण्यांसाठी दवाखान्याची पायरी न चढता मोबाईलच्या पडद्यावर डॉक्टरांना गाठण्याचा परिपाठ आता आपल्या घरांतून रूढ झाला आहे. आईवडील इंदुरात, मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत. आईच्या खोकल्यासाठी डॉक्टरांची वेळ ठरते ती अमेरिकेहून. हे सारे २०२० च्या टाळेबंदीत एकाएकी अवतरले असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. दुरून औषध देण्याची रीत जुनी आहे, आणि रुग्णाच्या देहातले नेमके काय दूर पाठवता येते व काय येत नाही, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

अठराव्या शतकात एडिंबरो येथे विल्यम कलेन (१७१०-१७९०) हे वैद्यकाचे ख्यातनाम प्राध्यापक होऊन गेले. दूरदूरचे रुग्ण, त्यांचे आप्त आणि गावोगावचे डॉक्टर त्यांना पत्रे लिहीत आणि ते पत्रानेच सल्ला देत. अशी हजारो पत्रे तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आजही जतन केलेली आहेत. पुढे पुढे तर जेम्स वॉट यांच्या नक्कलयंत्रावर ते आपल्या उत्तरांच्या प्रती काढून ठेवू लागले. आवक-जावक सांभाळण्यात ज्यांची उमर गेली, त्या आमच्यासारख्यांना या व्यवस्थितपणाचे विशेष कौतुक वाटते. पण खरा मुद्दा निराळा आहे. त्या काळी समोर बसलेल्या रुग्णालाही डॉक्टर फारसे तपासत नसत. नाडी पाहावी, जीभ पाहावी आणि मुख्य म्हणजे हकीकत ऐकावी, एवढाच तो व्यवहार होता. मग हकीकत तोंडी आली काय किंवा टपालाने आली काय, फरक फार पडत नसे.

हा फरक एकोणिसाव्या शतकाने पाडला. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून कानाने ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. घशाची कथा त्याहून रंजक आहे. जिवंत माणसाच्या स्वरतंतूंची हालचाल आरशाच्या साहाय्याने पाहून तिचे शास्त्रीय वर्णन करणारे गृहस्थ डॉक्टर नव्हतेच! मान्युएल गार्सिया हे गायनाचे शिक्षक. दोन आरसे आणि सूर्यप्रकाश घेऊन त्यांनी स्वतःचाच गळा पाहिला आणि १८५५ साली ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. अशा रीतीने घसा ही सांगण्याची गोष्ट होती, ती दाखवण्याची झाली. डॉक्टरांचे डोळे, कान आणि बोटे कामास लागली, आणि त्याच क्षणापासून अंतर ही उणीव ठरली.

एका उपकरणाने मात्र उलटा उपकार केला. १८६० च्या दशकात क्लिफर्ड ऑलबट यांनी सुमारे सहा इंचांचा सुटसुटीत थर्मामीटर तयार करवला. पूर्वीचा फूटभर लांबीचा होता आणि त्यास वीस मिनिटे लागत. नवे उपकरण कालांतराने घरोघर पोहोचले आणि ताप हा एक आकडा झाला. आकडा तारेने जातो, फोनवरही सांगता येतो. २०२१ मध्ये बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने प्राणवायूच्या बाबतीत तेच केले.

टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. १८७९ साली लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक हकीकत आली. मध्यरात्री एका घरून डॉक्टरांना फोन गेला की लेकराला घशाचा घातक विकार झाला असावा. डॉक्टरांनी मुलाला यंत्रापाशी धरायला सांगितले, त्याचा खोकला ऐकला, तो विकार हा नव्हे असे कळवले आणि ते पुन्हा झोपी गेले. दूरध्वनीवरील वैद्यकाचा हा एक आरंभीचा दाखला आणि तोही खोकल्याचाच, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. खोकला मुळात ध्वनीच आहे. तो तारेतून शाबूत जातो.

याहून मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात झाला. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकांच्या प्रयत्नांतून १९२८ साली क्लॉनकरी येथून विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण सर्दीतापासाठी विमान कोण धाडणार? आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पायडल मारून वीज पुरवणारे बिनतारी यंत्र बनवले होते आणि १९२९ पासून ते वस्त्यांवर जाऊ लागले. १९४२ पासून त्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता. शेकडो मैलांवरचा डॉक्टर औषधाचे अवघड नाव न घेता अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या, एवढेच सांगे. कोणते औषध दुरून देण्यास निर्धोक, हा विचार पेटी भरतानाच करून ठेवलेला असे.

आपल्या देशात मार्च २००० मध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यात दूरवैद्यक केंद्र सुरू झाले आणि पुढे इस्रोने उपग्रहाद्वारे अनेक रुग्णालये जोडली. कायदा मात्र मागे राहिला होता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणानंतर तर फोनवर औषध सांगण्यासही डॉक्टर कचरू लागले. ती कोंडी २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी फोडली. पाठोपाठ एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'ची घरबसल्या बाह्यरुग्ण सेवा आली. शासकीय कागद वाचण्याची सवय असल्याने आम्ही त्या सूचना वाचल्या. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, खोकल्याच्या गोळ्या आणि सर्दीखोकल्याची नेहमीची औषधे पहिल्या यादीत येतात आणि ती नुसत्या फोनवरूनही सांगता येतात. दुसऱ्या यादीसाठी पहिल्या भेटीत डॉक्टरांनी रुग्णास पडद्यावर पाहावे लागते. गुंगीची व व्यसन लावणारी औषधे वर्ज्य. ही ऑस्ट्रेलियाची क्रमांकाची पेटीच झाली म्हणायची, फक्त कागदावरची.

साध्या सर्दीफ्लूसाठी ही सोय उत्तम, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा तेथील नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. धास्तावलेले निरोगी आणि खरे आजारी एकाच रांगेत उभे होते. शिवाय फ्लूवरील ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. उताराला लागलेल्या वयात तो वेळ वाचणे लहान गोष्ट नव्हे.

घशाचे तसे नाही. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते आणि आपोआप बरी होते. पण काहींमागे, विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांत, स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असतो. त्याकडे दुर्लक्ष झाले तर दोन-चार आठवड्यांनी रूमॅटिक ताप येऊन मुलाच्या हृदयाची झडप कायमची निकामी होऊ शकते. हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी १९८१ साली अमेरिकेत सेंटर नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातून चार खुणा सांगितल्या : ताप, खोकला नसणे, टॉन्सिलवर पांढरा थर, आणि मानेच्या पुढील बाजूस सुजलेल्या, दुखऱ्या गाठी. पहिल्या दोन फोनवर विचारता येतात. तिसरीसाठी उजेड, चमचा आणि 'आ' करणारे धीट पोर लागते. कॅमेरा धूसर असला की तीही गेली. चौथी बोटांशिवाय कळत नाही, आणि पक्क्या निदानासाठी घशात बोळा फिरवून नमुना घ्यावा लागतो. अशा वेळी नुसत्या बोलण्यावरून प्रतिजैविक देणारा डॉक्टर आणि ते हक्काने मागणारे पालक, दोघेही आम्हास सारखेच चुकीचे वाटतात. घाई तरी कशाची? दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी रूमॅटिक ताप टळतो. नातवाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेण्यास त्यात पुरेसा अवकाश आहे. थुंकी गिळता येत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल किंवा मान सुजली असेल, तर मात्र त्याच घटकेस निघावे.

जाता जाता भाषेविषयी. पडद्यावरचे डॉक्टर बहुधा हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे असतात आणि आपल्या घरांतील वडीलधारी माणसे अजून मराठीतच आजारी पडतात! कणकण, कसकस, खवखव, नाक चोंदणे या शब्दांत नेमकेपणा आहे. कणकणीचा 'बुखार' करून सांगितला तर आकडा विचारला जातो आणि तो निघतो ९९. हिंदीत कणकणीसाठी 'हरारत' आणि खवखवीसाठी 'खराश' हे चांगले शब्द आहेत, ते वापरावेत. डांग्या खोकल्याला तिकडे 'काली खाँसी' म्हणतात आणि घटसर्पाला 'गलघोंटू'. हे शेवटचे दोन रोग देशातून अजून गेलेले नाहीत, तेव्हा त्यांची नावे दोन्ही भाषांत घरातल्या सर्वांना ठाऊक असावीत.